हेक्टरचा निरोप

होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याचा सहावा सर्ग मीं प्रथम वाचला तो बी. ए. च्या वर्गांत असतांना. ग्रीक भाषा मला तेव्हां येत नव्हती व आजही येत नाहीं. इंग्रजी भाषांतराची काठी टेंकीत मी त्या काव्यांत शिरलों. पुढें अध्यापक झाल्यावर हाच सर्ग मीं पंचवीसएक वर्षें विद्यार्थ्यांना शिकविला. हेक्टर आणि अँड्रोमॅकी यांचा शेवटचा निरोप वाचून दाखविला कीं वर्ग कसा स्तब्ध होतो याचा मला पक्का अनुभव होता. आणि खरें सांगावयाचें तर त्या स्तब्धतेची मला थोडी चटकही लागली होती. इ. स. २०२१ च्या एप्रिल महिन्यानंतर मात्र हा सर्ग मला शिकवितां येईना. तसें कां झालें, आणि तो पुन्हां कसा उघडला, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. तें सांगतांना इतिहासाच्या दोन-तीन आडवाटांनीं जावें लागेल. वाचकांनीं तेवढी सोबत करावी.

प्रसंग असा आहे. ट्रॉय नगरीला ग्रीकांचा वेढा पडून नऊ वर्षें उलटलीं आहेत. हेक्टर रणांगणावरून नगरांत येतो, तो बायकोला भेटण्यासाठीं नव्हे. अथीना देवीला एक उंची वस्त्र वाहून तिची करुणा भाक, असें आपल्या आईला सांगण्यासाठीं. तें काम उरकून तो घरीं जातो, तों अँड्रोमॅकी घरांत नाहीं. ट्रोजनांची पिछेहाट होत आहे हें ऐकून ती तान्ह्या मुलाला व दाईला घेऊन वेड्यासारखी तटाकडे धांवली आहे. हेक्टर माघारीं फिरतो, आणि स्कीअन दरवाजापाशीं, म्हणजे नगराबाहेर पाऊल टाकणार तोंच, दोघांची गांठ पडते. तिचा बाप व सात भाऊ अकिलीसच्या हातून मारले गेले आहेत. आईही मागाहून वारली आहे. आतां हीं सारीं नातीं तिच्यापुरतीं एका हेक्टरच्या ठायीं एकवटलीं आहेत. आपल्याकडे सगळीं नातीं एकत्र करून देवाला वाहण्याची रीत आहे. या अनाथ स्त्रीनें तीं आपल्या नवऱ्याला वाहिलीं आहेत.

तटाच्या आंत राहा, असें ती विनविते. हेक्टरला तें मान्य होत नाहीं. मागें राहिलों तर नगरांतल्या स्त्रीपुरुषांना तोंड कसें दाखवूं, ही लाज त्याला आहे. नगरी पडणार हेंही तो जाणून आहे. आई, बाप, भाऊ यांच्यापेक्षां त्याला दुःख होतें तें या एका विचाराचें, कीं कोणी परका हिला धरून नेईल आणि परक्या देशांत ही दुसऱ्याच्या घरचें पाणी भरील. मग तो मुलाला घेण्यास हात पुढें करतो. शिरस्त्राणावरचा हलणारा तुरा पाहून मूल किंचाळून दाईला बिलगतें, आणि त्या भयंकर घटकेलाही आईबाप दोघे हंसतात. शिरस्त्राण काढून तो जमिनीवर ठेवतो, मुलाचा मुका घेतो, आणि हा बापाहून सवाई निघो, असें मागणें देवांजवळ मागतो. नंतर तिला मागाकडे व चातीकडे परत जाण्यास सांगून तो निघतो. ती वळून वळून पाहत घरीं जाते. आणि घरांतल्या दासी जिवंत हेक्टरसाठीं रडूं लागतात.

आतां इ. स. २०२१ च्या एप्रिलकडे वळतों. करोनाच्या सांथीची दुसरी लाट त्या वेळीं महाराष्ट्रावर आली होती. माझा थोरला भाऊ आमच्या वडिलोपार्जित घरीं राहत असे. आम्ही सारे त्याला दादा म्हणत असूं. त्याला एका रुग्णालयांत ठेवावें लागलें. आंत नातेवाइकांना मज्जाव होता. सहाव्या रात्रीं तेथल्या एका परिचारिकेनें स्वतःच्या फोनवरून दोन मिनिटें बोलण्याची सोय करून दिली. त्या मुलीचें नांव मला कळलें नाहीं. तिचे उपकार मी विसरणार नाहीं. दादाला धाप लागत होती. तो म्हणाला, “अरे, मागच्या दाराची कडी नीट बसत नाहीं. पावसाळ्याच्या आधीं सुताराला बोलाव. घराची तेवढी एकच बाजू कच्ची आहे.” मी म्हणालों, “दादा, तें आतां राहूं दे. तूं बोलूं नकोस, विश्रांति घे.” तो “बरें” म्हणाला, आणि संभाषण संपलें. दोन मिनिटांपैकीं एक मिनिटही खर्च झालें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं पहांटे तो गेला. स्मशानांत आम्हां चौघांना दूर उभें केलें होतें. गुंडाळलेला देह त्याचाच, हें आम्हीं चिठ्ठीवरच्या नांवावरून मानून घेतलें.

त्यानंतर जेव्हां सहावा सर्ग हातीं घेतला, तेव्हां मला तो निव्वळ श्रीमंती थाट वाटला. हेक्टरला भेटीसाठीं दरवाजा मिळाला, मूल हातांत घेण्याइतकी सवड मिळाली, मनांतलें दुःख सविस्तर सांगण्यास समोर माणूस मिळालें. ज्यांना कांचेपलीकडून हातही हलवितां आला नाहीं, ज्यांच्या वांट्याला एक कडी आणि एक सुतार आला, त्यांच्यापुढें हें काव्य वाचणें म्हणजे उपाशी माणसाला पंक्तीचें वर्णन ऐकविणें होय, असें माझ्या मनानें घेतलें. दोन वर्षें तो सर्ग मीं एका तरुण सहकाऱ्याकडे सोंपविला.

ही अढी सुटली ती एका टीपेमुळें. सहकारी रजेवर गेला आणि तास माझ्याकडे आला, म्हणून जुनीं टिपणें काढून बसलों होतों. अँड्रोमॅकीच्या भाषणाचा शेवट मी आजवर वर्गांत घाईनें उरकीत असें. रडतां रडतां ती एकाएकीं युद्धाच्या डावपेंचांकडे वळते. रानअंजिराच्या झाडापाशीं सैन्य उभें करावें, असें ती सुचविते. तेथें तट चढून येण्यास सोपा आहे, आणि शत्रूच्या निवडक वीरांनीं तीन वेळां तेथूनच आंत शिरण्याचा प्रयत्न करून पाहिला आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेला ॲरिस्टार्कस हा प्राचीन काळचा सर्वांत मोठा होमर-पंडित. त्याला या ओळी खटकल्या. पत्नीनें सेनापतीला व्यूहरचना शिकवावी हें त्याला अनुचित वाटलें, आणि त्यानें त्या सात ओळी प्रक्षिप्त ठरविल्या. मात्र तो प्रामाणिक संपादक होता. संशयित ओळ तो गाळून टाकीत नसे. समासांत तिच्यासमोर एक आडवी रेघ ओढीत असे. म्हणूनच त्या ओळी आपणांपर्यंत येऊन पोंचल्या.

ही टीप मीं पूर्वींही वाचली असली पाहिजे. त्या दिवशीं मात्र ती वाचून मी पुस्तक मिटून बसलों. दादाच्या बोलण्यापुढें मींही तशीच रेघ ओढली होती. मरणाच्या उंबरठ्यावर माणसानें कडीकोयंड्याविषयीं बोलावें हें मला अनुचित वाटलें होतें. शेवटचें बोलणें कसें असावें याचा एक नमुना मीं आयुष्यभर वर्गांत शिकविला होता, आणि त्या नमुन्यांत बसत नाहीं म्हणून खरें शेवटचें बोलणें मीं अर्ध्यावर तोडलें.

अँड्रोमॅकीच्या त्या ओळी मी पुन्हां पुन्हां वाचूं लागलों. ही बाई रणनीति शिकवीत नाहीं, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. अंजिराचें झाड तटाला लागून आहे. सैन्य तेथें राहिलें तर हेक्टरही तेथें राहील. तो तटाजवळ राहील, तिच्या दृष्टीच्या टप्प्यांत राहील. ‘जाऊं नको’ एवढेंच तिला म्हणावयाचें आहे. पण तसें म्हणून तो ऐकणार नाहीं हें ठाऊक असल्यानें ती तटाचें निमित्त काढते. प्रेमाच्या माणसाला भीति सांगतां येत नाहीं तेव्हां तो घराची कच्ची बाजू सांगतो. हेक्टर तिच्या सगळ्या बोलण्याला उत्तर देतो, पण अंजिराविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. म्हणजे नीट न ऐकण्याचा दोष माझा एकट्याचाच नव्हता, एवढें समाधान मला मिळालें. तें फार मोठें समाधान नव्हे.

येथें इतिहासाची पहिली आडवाट लागते. होमरचें ट्रॉय खरोखर होतें काय, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं श्लीमान यानें इ. स. १८७१ पासून १८७३ पर्यंत तुर्कस्तानांतील हिसार्लिकची टेकडी खणली. तेथें एकावर एक वसलेल्या नऊ मुख्य वस्त्यांचे थर आहेत. सोन्याचे दागिने हातीं लागतांच त्यानें तें प्रायम राजाचें धन म्हणून जगाला सांगितलें. पण तो थर ट्रोजन युद्धाच्या परंपरागत काळाच्याही हजारांहून अधिक वर्षें अगोदरचा निघाला. पुढें ड्यर्पफेल्ट यानें इ. स. १८९३-९४ मध्यें सहाव्या थराचा भव्य तट मोकळा केला. इ. स. १९३२ ते १९३८ या काळांत अमेरिकन पंडित ब्लेगन याला सातव्या थराच्या पहिल्या टप्प्यांत तटाच्या आंत दाटीवाटीनें उभारलेलीं घरें आणि त्यांच्या जमिनींत पुरलेले सांठवणीचे रांजण आढळले. ही वस्ती ख्रि. पू. ११८० च्या सुमारास आगीनें नष्ट झाली. वेढ्याच्या भीतीनें आंत गोळा झालेल्या लोकांचीं हीं घरें असावींत, असा ब्लेगनचा तर्क होता.

यांपैकीं कशानेंही हेक्टर नांवाचा पुरुष होऊन गेला असें सिद्ध होत नाहीं. शिरस्त्राण पाहून रडणाऱ्या मुलाचा पुरावा कुदळीला मिळणें शक्यच नाहीं. परंतु एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. सहाव्या थराच्या त्या सुंदर तटाचा पश्चिमेकडील एक भाग बाकीच्या भागांपेक्षां जुन्या व हलक्या बांधणीचा आहे. इतरत्र तट नव्यानें उभारला गेला, तेवढाच तुकडा तसा राहून गेला. तो पाहून अभ्यासकांना अँड्रोमॅकीच्या शब्दांची आठवण झाली. हा केवळ योगायोगही असेल. तरीसुद्धां मला मौज वाटते ती ही, कीं त्या निरोपांतील अश्रूंना, हास्याला, प्रार्थनेला जमिनींत कोठेंच साक्षीदार नाहीं. साक्षीदार असलाच तर तो पंडितानें रेघ मारलेल्या त्या सात ओळींनाच आहे.

दुसरी आडवाट कार्थेजला जाते. त्या दिवसांत एक प्रश्न मला छळीत असे: प्रत्यक्ष संकटाच्या वेळीं असलें काव्य कोणाच्या कामीं आलें आहे काय? इतिहासांत याला एक उत्तर आहे, आणि तें सोपें नाहीं. रोम व कार्थेज यांचें तिसरें युद्ध ख्रि. पू. १४९ मध्यें सुरू होऊन ख्रि. पू. १४६ मध्यें संपलें. रोमन सेनापति सिपिओ एमिलिआनस याच्या सैन्यानें नगरांत शिरल्यावर सहा दिवस व सहा रात्री गल्लीगल्लींतून कत्तल व जाळपोळ चालविली. शेवटीं बिर्सा टेकडीवरून सुमारें पन्नास हजार स्त्रीपुरुष जिवाच्या अभयावर खालीं उतरले. जीव वांचला, पण पुढें गुलामगिरी होती. आतां फक्त एका देवळांत रोमन सैन्यांतून फुटून आलेले सुमारें नऊशें शिपाई, कार्थेजचा सेनापति हॅस्ड्रुबल, त्याची बायको व दोन मुलें एवढींच उरलीं. हॅस्ड्रुबल गुपचूप उतरून सिपिओच्या पायांशीं जाऊन बसला. देवळाला आग लागली तेव्हां त्याची बायको मुलांना घेऊन पुढें आली. सिपिओला तिनें दोष दिला नाहीं, नवऱ्याला मात्र शाप दिला, आणि मुलांना मारून त्यांच्यासह ज्वाळांत उडी घेतली, असें ॲपिअन हा इतिहासकार सांगतो. तिचें नांव त्यानें दिलेलें नाहीं. हाही एका पतिपत्नींचा, लेंकराबाळांसमक्ष, पडत्या नगरींतला अखेरचा निरोपच. पण त्यावर कोणा होमरनें सर्ग रचला नाहीं.

तें जळणारें नगर पाहतां पाहतां सिपिओच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि त्यानें होमरच्या दोन ओळी म्हटल्या. ट्रॉय एक दिवस नष्ट होईल हें भविष्य सांगणाऱ्या त्या ओळी. शेजारीं उभ्या असलेल्या पॉलिबिअसनें अर्थ विचारला तेव्हां, आपल्या रोमवरही हीच पाळी येईल अशी भीति वाटते, असें त्यानें सांगितलें. पॉलिबिअसच्या ग्रंथाचा हा भाग आज तुटक तुटक उरला आहे. ॲपिअन त्याचाच हवाला देतो.

आतां या दोन ओळींची एक खुबी आहे. त्या ‘इलियड’मध्यें दोनदां येतात. चौथ्या सर्गांत ग्रीकांचा राजा ॲगॅमेम्नॉन त्या उच्चारतो, तेव्हां ती शत्रूची धमकी असते. सहाव्या सर्गांत त्याच ओळी हेक्टर बायकोजवळ उच्चारतो, तेव्हां तें घरधन्याचें दुःख असतें. सिपिओ वेढा घालणाऱ्यांपैकीं होता. त्या ओळी म्हणण्याचा त्याचा हक्क ॲगॅमेम्नॉनचा होता. परंतु त्या त्याच्या तोंडून निघाल्या त्या हेक्टरच्या स्वरांत. ओळी ऐकणारा पॉलिबिअस हा ख्रि. पू. १६७ मध्यें रोमला नेलेल्या हजार ग्रीक ओलिसांपैकीं एक. आणि ज्या वर्षीं तो मित्राचे अश्रु पाहत उभा होता, त्याच वर्षीं त्याच्या स्वतःच्या देशांतलें कॉरिंथ नगर दुसऱ्या एका रोमन सेनापतीनें जमीनदोस्त केलें. सिपिओची भीतिही पुढें खरी ठरली, इ. स. ४१० मध्यें ॲलरिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें.

काव्यानें कार्थेजची आग विझली नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. ओळी म्हणून झाल्यावरही आग चालूच राहिली आणि पन्नास हजार माणसें विकलीं गेलीं. सुसंस्कृत विजेत्याचे अश्रु स्वस्त असतात, असें कोणी म्हटलें तर मी वाद घालणार नाहीं. तथापि जेत्याला घटकाभर जिताच्या दरवाजांत उभें करण्याची शक्ति त्या दोन ओळींत होती, एवढें खरें. काव्याच्या हातून होण्यासारखें तेवढेंच असतें, आणि तें झाल्यावर पुढचें माणसानें करावयाचें असतें. सिपिओनें तें केलें नाहीं. मीही केलें नव्हतें. इतकीं वर्षें हेक्टरच्या दरवाजांत उभा राहून माझे डोळे भरून येत असत. आणि प्रत्यक्ष भाऊ बोलत असतां मला ऐकूं आलें नाहीं.

राहतां राहिला माझा मूळ राग, कीं हेक्टर-अँड्रोमॅकीला निरोप मिळाला आणि आम्हांला नाहीं. त्याचेंही उत्तर काव्यांतच निघालें. ज्या दिवशीं ती भेट झाली, त्याच दिवशीं संध्याकाळीं हेक्टरला त्याचे सोबती नगरांत परत घेऊन आले, असें सातवा सर्ग सांगतो. तो त्या रात्रीं घरीं गेला काय, अँड्रोमॅकीला भेटला काय, याविषयीं कवि गप्प आहे. म्हणजे आपण ज्याला अखेरचा निरोप म्हणतों तो कदाचित् अखेरचा नव्हताही. मागाहून कोणी तरी त्या भेटीला तो मान दिला. बाविसाव्या सर्गांत हेक्टर मारला जातो त्या वेळीं अँड्रोमॅकी घरांत मागावर बसली आहे, आणि तो दमून येईल म्हणून दासींना न्हाणीचें पाणी तापवावयास सांगते आहे. आणि चोविसाव्या सर्गांत त्याच्या शवापुढें ती विलाप करते तो कशाचा? मरतांना त्यानें अंथरुणावरून आपल्याकडे हात पुढें केला नाहीं, रात्रंदिवस आठवीत राहावा असा एकही शब्द तो बोलला नाहीं, याचा. स्कीअन दरवाजापाशीं जें सारें घडलें तें तिच्या हिशेबीं निरोपांत जमाच नाहीं!

हें वाचलें आणि माझा राग गेला. ज्या स्त्रीला मी पंक्तीला बसलेली समजत होतों ती आमच्यासारखीच उपाशी होती. इ. स. २०२० व २०२१ मध्यें रुग्णालयांच्या फाटकांबाहेर जीं माणसें ताटकळत उभीं होतीं, त्यांचें गाऱ्हाणें तिनें पावणेतीन हजार वर्षांपूर्वींच मांडून ठेवलें आहे.

त्या उन्हाळ्यांत गांवीं जाऊन मीं सुताराला बोलाविलें. कडी ठीक होती. चौकटीचें लांकूड आंतून कुजलें होतें, म्हणून ती बसत नसे. दादानें तारेचे वेढे देऊन तें दार किती पावसाळे निभावलें होतें कोण जाणे. सुतारानें चौकट बदलली. तार मीं काढून ठेवली आहे.

सहावा सर्ग मी आतां पुन्हां शिकवितों. अंजिराच्या ओळी घाईनें उरकीत नाहीं. उलट तेथेंच थोडा थांबतों. वर्ग पूर्वींसारखा स्तब्ध होत नाहीं, प्रश्न मात्र अधिक येतात. गेल्या वर्षीं एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, मग हेक्टरनें त्या झाडापाशीं सैन्य ठेवलें का?” मी म्हणालों, “कवीनें तसें सांगितलेलें नाहीं. पण शेवटच्या दिवशीं अकिलीस पाठीमागें लागला असतां हेक्टर तटाभोंवतीं धांवतो. त्या वेळीं तो कोणत्या झाडावरून जातो, तें बाविसाव्या सर्गांत तूंच पाहून ये.” दुसऱ्या दिवशीं ती पाहून आली. वर्ग सुरू होण्यापूर्वींच माझ्या टेबलापाशीं येऊन हळूच म्हणाली, “अंजिराच्या.”